‘ळ’ची कुळकथा

नवी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाजवळून जाणाऱ्या रस्त्यास ‘तिलक मार्ग’ असे नाव आहे. महाराष्ट्रातून प्रथमच तेथे गेलेला एखादा विद्यार्थी ती पाटी वाचतो आणि क्षणभर थबकतो. हे तिलक कोण? सोबतचे वडीलधारे माणूस हसून सांगते, “अरे, हे आपले लोकमान्य टिळक!” मग त्याच्या ध्यानी येते, की पुण्याहून दिल्लीस पोचेपर्यंत लोकमान्यांच्या आडनावातील दोन अक्षरे पालटली आहेत. ‘ट’च्या जागी ‘त’ आला आहे आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ बसला आहे.

पाटी रंगविणाऱ्याने यात काही चूक केली आहे असे नव्हे. ‘तिलक’ हा मूळचा संस्कृत शब्द. कपाळी लावावयाचा टिळा हा त्याचा अर्थ. हिंदीने ते मूळ रूप जसेच्या तसे ठेवले. मराठीने मात्र त्याला आपल्या वळणाने घडविले आणि ‘टिळा’, ‘टिळक’ हे शब्द सिद्ध केले. पण मराठीला हे वळण लागले कसे? संस्कृत शब्दात नसलेला ‘ळ’ तिने कोठून आणला? आणि तो आणला, तर सर्वच ठिकाणी का आणला नाही? ‘फळ’ म्हणणारा मराठी माणूस ‘फूळ’ म्हणत नाही; ‘फूल’ असेच म्हणतो. ‘सकाळी’ उठणारा माणूस ‘काल’ घडलेली गोष्ट सांगतो. या प्रश्नांचा माग काढू लागले म्हणजे ‘ळ’ या एका वर्णाच्या मागे फार लांबचा इतिहास उभा असलेला दिसतो.

प्रथम या वर्णाचा उच्चार कसा होतो ते पाहू. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकते आणि श्वास जिभेच्या दोन्ही कडांवरून बाहेर पडतो. ‘ळ’ म्हणतानाही श्वास कडांवरूनच जातो. परंतु जिभेचे टोक मागे वळते, टाळूच्या उंच भागाला खालच्या बाजूने स्पर्श करते आणि लागलीच झटक्याने पुढे येते. टाळूच्या त्या उंच भागाला ‘मूर्धा’ म्हणतात. ट, ठ, ड, ढ, ण हे वर्ण तेथेच उत्पन्न होतात; म्हणून त्यांना मूर्धन्य म्हणतात. ‘ळ’ हा त्यांच्याच घरातला आहे. आरशासमोर उभे राहून ‘बाल’ आणि ‘बाळ’ हे शब्द सावकाश उच्चारून पाहिले, तर जिभेची ही हालचाल कोणालाही दिसू शकेल. हा ध्वनी केवळ भारतातच आहे असेही नाही. थेट उत्तरेकडील नॉर्वे देशाच्या पूर्व भागातील बोलींत याच्याशी जवळचे नाते सांगणारा एक ‘जाड ल’ ऐकू येतो.

घर मूर्धन्यांचे असूनही वर्णमालेत ‘ळ’ त्यांच्या पंक्तीस बसलेला नाही. आपली वर्णमाला मोठ्या विचाराने रचलेली आहे. कंठापासून ओठांपर्यंत, ज्या स्थानी वर्ण उत्पन्न होतो त्या क्रमाने पाच वर्ग. त्यानंतर य, र, ल, व. मग श, ष, स आणि ह. येथे खरे पाहता मांडणी पूर्ण झाली. त्यानंतर ‘ळ’ येतो, आणि त्याच्या शेजारी ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही दोन जोडाक्षरे. ‘ळ’ हे जोडाक्षर नव्हे. तो स्वतंत्र, एकेरी व्यंजनवर्ण आहे. मग त्याला जोडाक्षरांच्या ओळीत, दाराजवळ का बसविले असावे? पंगत मांडून झाल्यावर आलेल्या पाहुण्यासाठी शेवटी एक पाट वाढवावा, तसे काहीसे येथे घडले आहे. तथापि हा पाहुणा नवखा नाही. पंगत मांडणाऱ्यांच्याही आधीपासून तो घरात वावरत होता.

याची साक्ष ऋग्वेद देतो. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत ‘ईळे’ हे क्रियापद आले आहे. ‘मी स्तवितो’ असा त्याचा अर्थ. मूळ धातू ‘ईड्’. त्यातील ‘ड’ दोन स्वरांच्या मध्ये सापडला आणि त्याचा ‘ळ’ झाला. लगेच दुसऱ्या ऋचेत त्याच धातूपासून झालेला ‘ईड्य’ हा शब्द येतो. तेथे मात्र ‘ड’ कायम आहे. कारण त्याच्यापुढे स्वर नसून ‘य’ हे व्यंजन आहे. एकच धातू, दोन लगतच्या ऋचा, आणि एकीत ‘ळ’ तर दुसरीत ‘ड’! ज्यांनी ही सूक्ते कानांनी ऐकून मुखाने जतन केली, त्यांनी एवढा बारीक भेदही निसटू दिला नाही. ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या ऋक्प्रातिशाख्य या ग्रंथात हा नियम स्पष्टपणे नोंदलेला आहे: दोन स्वरांमधील ‘ड’चा ‘ळ’ होतो आणि ‘ढ’चा ‘ळ्ह’ होतो. यामुळेच ऋग्वेदात ‘मीळ्हुष्टम’ असे रूप आढळते, तर यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेत तोच शब्द ‘मीढुष्टम’ असा म्हटला जातो.

पुढे पाणिनीने संस्कृत भाषेचे व्याकरण रचले. त्याने आरंभीच चौदा सूत्रांत भाषेतील वर्णांची गणना केली. त्या गणनेत ‘ल’ आहे, ‘ळ’ नाही. पाणिनीने वर्णिलेल्या शिष्ट भाषेत ‘ईळे’चे पुन्हा ‘ईडे’ झाले होते. कालिदासाच्या काव्यात ‘ळ’ शोधावयास गेले तर तो सापडणार नाही. ज्या संस्कृतच्या आधाराने पुढे देशभाषांच्या वर्णमाला मांडल्या गेल्या, तिच्याच पंगतीत ‘ळ’ला पाट नव्हता; म्हणून त्याला अखेरीस बसावे लागले.

परंतु व्याकरणाच्या सूत्रातून गळलेला ध्वनी लोकांच्या मुखातून गळतोच असे नाही. पाली भाषेत, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या भाषेत, ‘ळ’ भरपूर आहे. संस्कृत ‘षोडश’ पालीत ‘सोळस’ होतो, ‘गरुड’ ‘गरुळ’ होतो, आणि ‘चूडा’, म्हणजे मस्तकावरील शेंडी किंवा तुरा, ‘चूळा’ होतो. वेदातील नियमच येथेही चालू असलेला दिसतो. विशेष हे, की पालीच्या वर्णक्रमातही ‘ळ’चे स्थान ‘ह’च्या नंतरच आहे.

पालीच्या सोबत हे अक्षर समुद्र ओलांडून गेले. श्रीलंकेची सिंहली, म्यानमारची बर्मी आणि थायलंडची थाई या तिन्ही लिप्यांत ‘ळ’साठी स्वतंत्र अक्षर आहे, आणि तिन्हींत ते ‘ह’च्या मागोमाग येते. थाई मुले या अक्षराला ‘चुला’ या शब्दावरून ओळखतात. हा ‘चुला’ म्हणजे वर सांगितलेला पालीतील ‘चूळा’च होय. त्या देशाचे विख्यात राजे चुलालंकरण (राज्यकाल १८६८ ते १९१०) यांचे नावही याच शब्दापासून बनले आहे. ‘चूळा’ आणि ‘अलंकरण’ मिळून मस्तकाचे भूषण असा त्याचा अर्थ. बँकॉक येथे १९१७ साली स्थापन झालेले विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र थाई माणूस हे अक्षर साध्या ‘ल’सारखेच उच्चारतो. तेथे ‘ळ’चे अक्षर राहिले आणि ध्वनी गेला.

महाराष्ट्रात ध्वनी आणि अक्षर ही दोन्ही टिकली. याचा पुरावा नाशिकजवळच्या डोंगरात कोरलेला आहे. त्या डोंगराला पूर्वी त्रिरश्मी म्हणत. आज तेथील लेणी ‘पांडवलेणी’ या नावाने प्रसिद्ध आहेत, जरी पांडवांशी त्यांचा काही संबंध नाही. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा मोठा शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या या वृद्ध मातेने आपल्या नातवाच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी ते लेणे भिक्षुसंघास दान दिले. काळ इसवी सनाचे दुसरे शतक, भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. लेखाच्या आरंभीच नातवाचे नाव येते आणि त्या नावात स्पष्ट ‘ळ’ आहे: पुळुमायि. इतिहासाच्या पुस्तकांत आपण ज्याला वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणतो तोच हा राजा. छिन्नी चालविणाऱ्या कारागिराने ‘ल’चे अक्षर वापरून काम भागविले नाही. त्याला दोन वेगळे ध्वनी ऐकू येत होते आणि दोन वेगळी अक्षरे येत होती.

आता मराठी भाषेकडे वळू. मराठीत ‘ळ’ दोन वाटांनी आला. पहिली वाट आपल्या परिचयाची झाली आहे: दोन स्वरांमधील ‘ड’चा ‘ळ’ होणे. संस्कृत ‘गुड’पासून आपला ‘गूळ’ झाला, ‘षोडश’पासून ‘सोळा’, ‘तडाग’पासून ‘तळे’, ‘दाडिम’पासून ‘डाळिंब’ आणि ‘पीड्’ या धातूपासून ‘पिळणे’. ‘गूळ’ हा शब्द उच्चारणाऱ्या मुलाच्या तोंडी तोच बदल घडत असतो, जो ऋग्वेदातील ‘ईळे’त घडला होता.

दुसरी वाट अधिक रुंद आहे. मराठीतील बहुसंख्य ‘ळ’ हे ‘ड’पासून नव्हे, तर ‘ल’पासून झालेले आहेत. ‘फल’चे ‘फळ’, ‘माला’ची ‘माळ’, ‘मूल’चे ‘मूळ’, ‘धूलि’ची ‘धूळ’, ‘कमल’चे ‘कमळ’, ‘शिला’ची ‘शिळा’, ‘नारिकेल’चा ‘नारळ’. येथे एक शंका उद्भवते. ‘ल’चा ‘ळ’ करणे हे जर मराठीचे वळण असेल, तर ‘फूल’, ‘तेल’, ‘गाल’, ‘बोलणे’ या शब्दांतला ‘ल’ कसा वाचला?

याचे उत्तर प्राकृत भाषेत आहे. संस्कृत शब्द मराठीत थेट उतरले नाहीत. मध्ये प्राकृताचा टप्पा आहे. त्या टप्प्यावर काही शब्दांत एकेरी ‘ल’ होता आणि काहींत दुहेरी ‘ल्ल’. एकेरी ‘ल’ दोन स्वरांच्या मध्ये सैल उच्चारला जाई. तो मागे सरकून मूर्ध्यापर्यंत गेला आणि ‘ळ’ बनला. दुहेरी ‘ल्ल’ मात्र जीभ दातांशी घट्ट टेकवून उच्चारला जाई. तो जागचा हलला नाही. पुढे दुहेरीचे एकेरी झाले, त्याची भरपाई म्हणून मागचा ऱ्हस्व स्वर पुष्कळदा दीर्घ झाला, पण ‘ल’ हा ‘ल’च राहिला. ‘फुल्ल’ म्हणजे उमललेले, त्यापासून ‘फूल’. ‘तैल’ या शब्दाचे प्राकृत रूप ‘तेल्ल’, त्यापासून ‘तेल’. ‘गल्ल’पासून ‘गाल’. प्राकृत ‘बोल्ल’पासून ‘बोलणे’. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. त्यात या प्रकारच्या ध्वनिनियमांची शास्त्रशुद्ध चर्चा आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्या ग्रंथाचा मराठीत अनुवाद केला.

या एका किल्लीने मराठी शब्दांची कितीतरी कुलुपे उघडतात. ‘काळ’ आणि ‘काल’ हे शब्द घ्या. ऐकावयास जुळ्या भावंडांसारखे. पण कुळे वेगळी. ‘काळ’ आला संस्कृत ‘काल’पासून, तेथे ‘ल’ एकेरी. ‘काल’, म्हणजे आदला दिवस, आला ‘कल्य’पासून, ‘कल्य’चा प्राकृतात ‘कल्ल’ झाला आणि त्यातील ‘ल’ बचावला. तसेच ‘वेळ’ आणि ‘वेल’. ‘वेला’ म्हणजे समय, त्याची झाली ‘वेळ’. प्राकृत ‘वेल्ली’ म्हणजे लता, तिची झाली ‘वेल’. ‘आवलि’ म्हणजे रांग; तिची ‘ओळ’ झाली. ‘आर्द्र’चे प्राकृत ‘ओल्ल’, त्यापासून ‘ओल’. शेतकऱ्याच्या घरी ‘साळ’ असते आणि झाडाला ‘साल’ असते. पहिली ‘शालि’पासून आली, दुसरी ‘छल्ली’पासून. ‘चल्’ या धातूने तर दोन्ही वाटा धरल्या: ‘चलइ’ या रूपापासून ‘चळणे’ झाले आणि ‘चल्लइ’ या रूपापासून ‘चालणे’. पाय चालतात आणि बुद्धी चळते. पण दोन्ही क्रियापदांची जननी एकच आहे.

ज्यांना हा नियम नुसत्या ‘ल’पुरता वाटत असेल, त्यांनी ‘न’ आणि ‘ण’ यांच्याकडे पाहावे. ‘पानीय’चे मराठीत ‘पाणी’ झाले. परंतु ‘पर्ण’चे ‘पण्ण’ होऊन पुढे ‘पान’ झाले आणि ‘कर्ण’चे ‘कण्ण’ होऊन ‘कान’ झाला. एकेरी वर्ण मूर्धन्य झाला किंवा राहिला. दुहेरी वर्ण दंत्य होऊन बसला. भाषा लहरीने वागते असे पुष्कळांना वाटते. ती लहरीने वागत असती तर अशिक्षित शेतकऱ्यापासून शास्त्र्यापर्यंत सर्वांनी, कोणी न शिकविता, हजारो शब्दांत हा भेद इतका काटेकोर पाळला नसता.

शब्दाच्या आरंभी मात्र ‘ळ’ कधीच येत नाही. याचे कारण आता सहज उमजेल. ‘ळ’ हा दोन स्वरांच्या मध्ये जन्मलेला आहे. शब्दाच्या प्रारंभी असणाऱ्या ‘ल’च्या मागे स्वर नसतो, म्हणून तो बदलत नाही. ‘लाला’ या संस्कृत शब्दात दोन ‘ल’ आहेत. मराठीत त्याची ‘लाळ’ झाली. पहिला ‘ल’ तसाच राहिला, दुसरा पालटला. एवढ्याशा शब्दात सारा नियम सामावला आहे. शब्दकोश चाळणाऱ्याला ‘ळ’ने सुरू होणारे शब्द आढळत नाहीत ते यामुळेच. शब्दाच्या मध्यात आणि शेवटी मात्र तो पानोपानी भेटतो.

हा बदल केव्हा घडून गेला याचाही अंदाज शब्दांवरूनच करता येतो. यवनी सत्तेच्या काळात फारसी व अरबी शब्द मराठीत लोंढ्याने आले. ‘साल’ म्हणजे वर्ष, ‘माल’, ‘हाल’, ‘शाल’, ‘लाल’ हे त्यांपैकी. या शब्दांतील ‘ल’ एकेरी आहे, तरीही त्यांचा ‘ळ’ झाला नाही. तोवर ‘ल’चा ‘ळ’ करणारी भट्टी विझून गेली होती. इंग्रजीतून आलेल्या ‘बिल’, ‘फाइल’, ‘हॉटेल’ यांच्या बाबतीतही तेच झाले. पंडितांनी संस्कृतातून पुन्हा उचलून आणलेले शब्दही असेच ‘ल’ घेऊन वावरतात. म्हणून घरात ‘बाळ’ असते आणि निबंधात ‘बालक’ असतो. झाडाला ‘फळ’ येते आणि प्रयत्नाचे ‘फलित’ निघते. ‘काळ’ लोटतो, पण बदल ‘कालांतराने’ होतो. घरगुती शब्दात ‘ळ’ आणि पोशाखी शब्दात ‘ल’ असा हा विभाग सामान्यतः दिसून येतो.

‘ळ’चे नातलग मराठीच्या बाहेरही पुष्कळ आहेत. कोंकणी, गुजराती, राजस्थानी व ओडिया या भाषांत तो नांदतो. पंजाबी व हरियाणवी लोकांच्या बोलण्यात तो ऐकू येतो. दक्षिणेकडे कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या भाषांत तर तो पूर्वापार आहे. या द्राविडी शेजारामुळेच मराठीत ‘ळ’ बळावला, असे काही अभ्यासक मानतात. शेजाराचा आधार मिळाला असेल हे शक्य आहे. परंतु राजस्थान व पंजाब हे काही कर्नाटकाच्या सीमेवर नाहीत, त्यामुळे एवढ्याने उलगडा होतो असे म्हणणे कठीण. ‘तमिळ’ या नावाच्या शेवटचा ध्वनी तर आपल्या ‘ळ’हूनही वेगळा आहे. त्याच्यासाठी देवनागरीत ‘ळ’खाली टिंब देऊन ‘ऴ’ असे चिन्ह योजिले आहे. नित्याच्या लिहिण्यात मराठी माणूस ‘तमिळ’ व ‘केरळ’ असे लिहितो, तर हिंदीत ‘तमिल’ व ‘केरल’ असे लिहितात. गंगेच्या मैदानातील प्रमुख लिखित भाषांना हा ध्वनी राहिलाच नाही. जेथे मराठीत ‘गूळ’ झाला तेथे हिंदीत ‘गुड़’ झाला.

महाराष्ट्रातही सर्वत्र ‘ळ’ एकाच रीतीने उच्चारला जात नाही. खानदेश व वऱ्हाडच्या बोलींत अनेक ठिकाणी ‘ळ’चा ‘य’ होतो. तेथे ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, आणि ‘ओढाळ’ गुरू ‘वढाय’ होते. ठाणे व रायगडकडील आगरी बोलीत ‘काळा’च्या जागी ‘काला’ ऐकू येते. शाळेत अशा उच्चारावरून एखाद्या मुलाची थट्टा होते. ती करणाऱ्यास ‘ळ’चा इतिहास ठाऊक नसतो. ज्या क्रियेने ‘फल’चे ‘फळ’ केले, तीच क्रिया पुढे चालून ‘फळ’चे ‘फय’ करते. पहिल्या बदलाला शुद्ध म्हणावे आणि दुसऱ्याला अशुद्ध, यात भाषाशास्त्राचा काही आधार नाही. प्रमाण लेखनात सर्वांसाठी एकच रूप असावे ही निराळी गोष्ट.

लेखनात ‘ळ’ जपणे का आवश्यक आहे, हे तो नाहीसा झाला असता काय झाले असते याचा विचार केल्यास कळते. ‘नदीतील गाळ काढला’ आणि ‘गाल काढला’, ‘वेळ गेली’ आणि ‘वेल गेली’, ‘पाळी चुकली’ आणि ‘पाली चुकली’ यांत कोणता गोंधळ उडेल हे सांगावयास नको. हा गोंधळ केवळ कल्पनेतला नाही. मराठी नावे रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली, तेव्हा तो प्रत्यक्ष अनुभवास आला.

रोमन लिपीत ‘ळ’साठी अक्षर नाही. तरीही या अडचणीवर उपाय फार पूर्वीच निघाला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यास आला. त्याने मराठी आत्मसात करून ‘क्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला आणि तो १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. या ग्रंथाच्या रोमन लेखनात ‘ल’साठी ‘एल’ हे अक्षर एकदा येते आणि ‘ळ’साठी तेच दोनदा जोडून येते. परदेशी माणसाच्या कानाने भेद टिपला आणि हाताने तो लिहिला. गोव्यातील रोमन लिपीतल्या कोंकणीत ही पद्धत आजही चालते. तेथे ‘फळ’ लिहिताना शेवटी दोन ‘एल’ येतात.

पुढे इंग्रजी कारभारात मात्र इतकी तसदी घेतली गेली नाही. ‘ल’ असो की ‘ळ’, एकच ‘एल’ लिहिण्याचा प्रघात पडला. जळगाव, धुळे, टिळक, गोपाळ या सर्वांवर तोच शिक्का बसला. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन वेगळी आडनावे. रोमन अक्षरांत ती एकसारखीच दिसतात. महाराष्ट्राबाहेर नोकरीधंद्यासाठी गेलेल्या कुटुंबातील मुलाचे नाव शाळेच्या दप्तरात प्रथम रोमन अक्षरांत लिहिले जाते. मग त्या रोमन नावावरून कोणीतरी ते देवनागरीत उतरविते, आणि काळे यांचा मुलगा काले होऊन परततो. एकदा प्रमाणपत्रावर चढलेले नाव उतरविणे सोपे नसते. एका पिढीने सोसलेली चूक दुसऱ्या पिढीला आपले खरे नाव वाटू लागते.

संगणकाच्या युगात ‘ळ’ला जगाच्या नोंदवहीत स्वतःची जागा मिळाली आहे. सर्व लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या संकेतावलीत देवनागरी ‘ळ’चा क्रमांक ०९३३ असा आहे, लगतचा ०९३४ हा टिंब दिलेल्या ‘ऴ’चा. ही संकेतावली मराठीसाठी एक आणि हिंदीसाठी दुसरी अशी नाही. देवनागरी लिहिणाऱ्या सर्वांना ती समान आहे. भारत सरकारने ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट या कळफलकावर ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच कळ दिलेली आहे. ती नुसती दाबली तर ‘ल’ उमटतो. शेजारची शिफ्ट ही कळ धरून दाबली, की ‘ळ’ उमटतो. दिल्लीच्या कचेरीतील लेखनिकासमोर आणि जळगावच्या कचेरीतील लेखनिकासमोर हाच कळफलक असतो.